गढूळ पण उपाशी: सुसून उपसागरातल्या एका शिंपल्याचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या सुसून उपसागरात दर उन्हाळ्यात एक ठरलेली गोष्ट घडायची. सॅक्रामेंटो आणि सॅन होआकीन या नद्यांचं गोडं पाणी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं, त्या मचूळ पट्ट्यात डायटम जातीचं सूक्ष्म शैवाल माजायचं. पाण्यातल्या क्लोरोफिलचा, म्हणजे शैवालातल्या हिरव्या रंगद्रव्याचा, आकडा चढायचा आणि पुढे थंडीच्या सुमाराला उतरायचा. 1987 च्या उन्हाळ्यात तो चढलाच नाही. 1988 मध्येही नाही. तो उन्हाळी बहर त्यानंतर पूर्वीसारखा कधी परतला नाही.

काठावर उभं राहून पाहणाऱ्याला यातलं काही कळलं नसतं. पाणी पूर्वीइतकंच गढूळ, मातकट तपकिरी होतं. नायट्रेट-फॉस्फेटची कमतरता नव्हती, ऊनही तेवढंच पडत होतं. पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा गठ्ठा जवळपास तसाच होता, फक्त त्यातला खाण्याजोगा भाग कुणीतरी काढून नेला होता.

हे प्रकरण साधारण एका वाक्यात सांगितलं जातं: परदेशी शिंपला आला आणि सगळं खाऊन गेला. त्यात खोटं काही नाही. पण ‘खाऊन गेला’ म्हणजे नेमके कोणते कण, किती वेगाने आणि कुणाच्या तोंडचे, हे उलगडल्याशिवाय या खाडीत पुढे जे घडलं त्याचा अर्थ लागत नाही.

आधी मिळालेला आणि वाया गेलेला सुगावा

खरं तर एक रंगीत तालीम दहा वर्षं आधीच झाली होती. 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. नद्यांचं पाणी आटलं, समुद्राचं खारं पाणी वर सरकलं आणि त्याच्यासोबत माया अरेनारिया हा शिंपला आणि तळाशी राहणारे इतर खाऱ्या पाण्यातले जीव सुसूनमध्ये येऊन वसले. 1977 च्या उन्हाळ्यात बहर आला नाही. सुरुवातीला याचं कारण पाण्याच्या प्रवाहात शोधलं गेलं. प्रवाह मंदावला, म्हणून शैवाल ज्या पट्ट्यात साठून राहायचं तो पट्टाच विस्कटला, अशी मांडणी होती. तळावरच्या जीवांनी ते खाल्लं असेल, हा मुद्दा संशोधक फ्रेडरिक निकोल्स यांनी पुढे, 1985 मध्ये, नीट मांडला. तोवर पाऊस परतला होता, गोडं पाणी उतरलं होतं आणि खारे शिंपले मरून गेले होते. दुखणं आपोआप बरं झालं की वैद्याकडे कोण जातं?

फेब्रुवारी 1986 मध्ये नद्यांना प्रचंड पूर आला. त्या गोड्या पाण्याच्या लोंढ्याने सुसूनच्या तळावरची वस्ती जवळजवळ धुऊन काढली. जागा रिकामी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या वर्गाला तिथल्या चिखलात मोजकेच अनोळखी शिंपले सापडले. ते होते पोटामोकॉर्ब्युला अमुरेन्सिस, मूळचे पूर्व आशियाच्या किनाऱ्यावरचे. मालवाहू जहाजं समतोलासाठी टाक्यांत जे पाणी भरून आणतात, त्यातून त्यांच्या अळ्या आल्या असणार, हे सर्वमान्य अनुमान आहे. वर्षभरात काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये दहा हजारांहून जास्त शिंपले मोजले गेले.

पुढची काही वर्षं पुन्हा दुष्काळाची होती. पण खरा फरक वेगळाच होता. माया गोड्या पाण्यात तग धरू शकला नव्हता. हा नवा गडी जवळजवळ गोड्या पाण्यापासून पूर्ण समुद्री पाण्यापर्यंत कुठेही जगतो. त्यामुळे पाऊस आला तरी तो गेला नाही. ‘पूर आला की सगळं पूर्ववत’ हा आधीचा अनुभव इथे निरुपयोगी ठरला.

चिखलातला एक शिंपला

आता एकच शिंपला घेऊ. लांबी फार तर अडीच सेंटिमीटर. दोन शिंपांपैकी एक जरा मोठी, दुसरीवर चढलेली. म्हणून तिकडे त्याला दात पुढे आलेल्या जबड्यावरून टोपणनाव पडलं आहे. तो खोल पुरून घेत नाही. शिंपेचा काही भाग चिखलाच्या वर ठेवतो आणि दोन आखूड नळ्या पाण्यात उघडतो. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर.

आत ओढलं जाणारं पाणी कल्ल्यांवरून जातं. कल्ले म्हणजे एकाशेजारी एक लावलेल्या बारीक पट्ट्या, आणि पट्ट्यांवर सतत हलणारे सूक्ष्म रोम. रोमांची एक रांग पाणी पुढे ढकलते, दुसरी कण अडवते. ही चाळणी आपल्या स्वयंपाकघरातल्या चाळणीसारखी फक्त भोकाच्या मापावर चालत नाही. कण रोमांना धडकतात, वळवले जातात, चिकट बुळबुळीत स्रावात गुंततात. साधारण चार मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतेक शिंपले जवळजवळ सगळे पकडतात. त्याहून बारीक कण वाढत्या प्रमाणात निसटतात.

पकडलेला माल तोंडाजवळच्या ओठांसारख्या पाळ्यांवर येतो. खरी निवड इथे होते. चिखलाचा कण, मेलेल्या पानाचा तुकडा, डायटम, यांची चाचपणी होते आणि नको असलेलं स्रावात गुंडाळून बाजूला पडतं. मग शिंपला दोन्ही शिंपा झटकन मिटतो आणि ज्या नळीतून पाणी आलं त्याच नळीतून ती गोळी बाहेर फेकतो. ही विष्ठा नव्हे, कारण हा माल पोटात गेलेलाच नसतो. पण ती तळावर जाऊन बसते तशीच. म्हणजे एकच प्राणी पाण्यातल्या कणांचे दोन हिस्से करतो, एक पोटात आणि एक तळाला.

यामुळेच सुसूनचं पाणी गढूळ राहूनही उपाशी झालं, आणि हा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या उथळ उपसागरात दुपारचा वारा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह तळाचा गाळ पुन्हापुन्हा उपसून वर आणतात. शिंपल्याने टाकलेल्या मातीच्या गोळ्याही त्यात फुटून परत तरंगू लागतात. मातीचा कण गाळला गेला तरी परत येतो. डायटम गाळला गेला की पचतो, तो परत येत नाही. त्याची भरपाई फक्त नव्या वाढीने होऊ शकते, आणि गढूळ पाण्यात ऊन वरच्या थोड्याच थरापर्यंत पोचत असल्याने ती वाढ मुळातच मंद असते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातल्या कालवांची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. एकोणिसाव्या शतकातली तिथली कालवं सगळ्या उपसागराचं पाणी आठवड्याच्या आत गाळू शकत होती, आणि 1988 पर्यंत उरलेल्या कालवांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागलं असतं, असा रॉजर न्यूवेल यांचा अंदाज होता. त्या गोष्टीमुळे ‘शिंपले म्हणजे स्वच्छ पाणी’ हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसतं की सुसूनचं प्रकरण त्याच्या उलट आहे असं वाटतं. ते उलट नाही. प्राणी तेच काम करतो आहे. फक्त चेसापीकमध्ये शैवाल जास्त झाल्याची तक्रार होती आणि इथे ते आधीच कमी होतं.

वेगाचा हिशोब

समजा शैवाल दिवसाला दुप्पट होतंय. हा बराच उदार आकडा झाला. पाणी वरपासून खालपर्यंत नीट ढवळलेलं असेल, तर रोज एकूण पाण्याच्या सुमारे 70 टक्क्यांइतकं पाणी गाळलं गेलं की ही सगळी वाढ जागच्या जागी संपते. साठा वाढत नाही. गाळण त्याहून वाढली की साठा घसरू लागतो.

आता प्रत्यक्ष आकडा. इंगे वर्नर आणि जेम्स हॉलिबॉ यांनी 1993 मध्ये प्रयोगशाळेत मोजलेल्या वेगावरून हिशोब मांडला. चौरस मीटरला दोन हजारांच्या वर शिंपले धरले, तर खोल जलमार्गांवरचं सगळं पाणी दिवसातून एकदाहून अधिक आणि उथळ भागावरचं जवळपास 13 वेळा गाळण्याची त्यांची क्षमता होती. 70 टक्के कुठे आणि 13 वेळा कुठे.

इथे थोडं सावध राहायला हवं. 13 ही क्षमता आहे, प्रत्यक्ष घडणारी गोष्ट नव्हे. तळालगतचं पाणी एकदा गाळलं गेलं की शिंपल्यांच्या नळ्यांसमोर तेच रिकामं पाणी परत येतं. दाट वस्तीत तर शेजाऱ्याने टाकलेलं पाणीच ओढलं जातं. तळावर अन्नाचा असा एक ओसाड थर तयार होतो, आणि वरचं भरलेलं पाणी तिथवर खाली आणण्याचं काम प्रवाहांच्या घुसळणीला करावं लागतं. शिंपल्याच्या भुकेपेक्षा ही घुसळणच बऱ्याचदा मर्यादा घालते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात, म्हणून घुसळण जास्त आणि तळाला अन्नपुरवठा चांगला. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत प्रवाह मवाळ. त्यात वर गोड्या पाण्याचा हलका थर बसला की खालच्या शिंपल्यांचा वरच्या शैवालाशी संबंधच तुटतो. खाडीच्या दक्षिण भागात वसंतातले बहर याच फटीत येतात, हे जेम्स क्लोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या मोजणीतून दाखवलं आहे.

सुसूनच्या उथळ भागात ही फट फारशी मिळत नाही. पाणी खोल नाही आणि वारा ते सतत ढवळत असतो. त्यामुळे 13 चे दोनच झाले असं धरलं, तरी निकाल तोच. एरवी उथळ पाणी शैवालाला फायद्याचं, कारण ऊन तळापर्यंत पोचतं. शिंपले आले की तोच उथळपणा उलटतो. 1988 मध्ये सुसूनमधलं शैवालाचं वार्षिक उत्पादन 1980 च्या तुलनेत सुमारे पाचव्या हिश्श्यावर आलं होतं.

ताटातलं गेलं, आणि काही जण ताटासकट

शैवाल कमी झालं म्हणून ते खाणारे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, उपाशी राहिले, हा साधा भाग. निओमायसिस हा कोळंबीसारखा दिसणारा चिमुकला जीव, जो पट्टेदार बास माशाच्या पिल्लांचं मुख्य खाणं होता, तो नावापुरता उरला. युरिटेमोरा नावाचा कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला सूक्ष्म जीव) उन्हाळ्यात दिसेनासा झाला.

युरिटेमोराच्या बाबतीत मात्र उपासमारीने हिशोब पुरा होत नव्हता. विम किमरर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं की शिंपले त्याची पिल्लंही ओढून घेतात. मोठा कोपेपॉड नळीच्या ओढीतून उडी मारून निसटू शकतो. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू नाही. शिंपल्याच्या दृष्टीने तोही पाण्यात तरंगणारा, योग्य मापाचा एक कणच. ‘अन्नकण’ या शब्दात आपण वनस्पती आणि प्राणी वेगळे धरतो, शिंपला धरत नाही. हा शिंपला जीवाणूही पकडतो. शैवालाइतक्या कार्यक्षमतेने नव्हे, पण पकडतो. त्यामुळे शैवाल संपलं तर जीवाणूंवर भागवू, ही प्लवकांची पर्यायी वाटही अरुंद झाली.

रिकाम्या जागी पुढे नवे परदेशी कोपेपॉड आले. 1990 च्या दशकात आलेला लिम्नोइथोना संख्येने सगळ्यांवर मात करून गेला, पण तो इतका बारीक की नजरेने टिपून खाणाऱ्या माशाला त्यात फारसं काही मिळत नाही. संख्या मोजून समाधान मानणाऱ्यांसाठी हा चांगला धडा आहे: तक्त्यात कोपेपॉड भरपूर, माशाचं पोट रिकामं. डेल्टा स्मेल्ट या छोट्या माशाला 1993 मध्ये संरक्षित यादीत घालावं लागलं. त्याच्या घसरणीला पाणी उपसणारे पंप, बदललेले प्रवाह अशी इतरही कारणं आहेत. सगळं खापर शिंपल्यावर फोडणं सोयीचं आहे, बरोबर नाही. अँचोव्ही मासे जास्त हुशार निघाले. ते मचूळ पट्टा सोडून खालच्या खाऱ्या पाण्यात सरकले.

एका जुन्या विषाचा मार्गही बदलला. तेलशुद्धीकरण कारखाने आणि सिंचनाचा निचरा यांतून खाडीत सेलेनियम येतं. शैवाल आणि इतर कणांतून ते शिंपल्याच्या अंगात जातं आणि तो ते फार हळू बाहेर टाकतो. परिणामी शिंपले खाणारे स्टर्जन मासे आणि डुबकी मारणारी बदकं यांच्या अंगात सेलेनियम चढलं. त्याच पाण्यात राहून कवचधारी प्लवकांची साखळी खाणाऱ्या पट्टेदार बासमध्ये त्या मानाने कमी राहिलं. पाणी एकच, फक्त कण कुणाच्या पोटातून गेला यावर कुणाला किती विष मिळणार ते ठरलं.

अमोनियमचा वाद

या प्रकरणात दुसरा एक आरोपी आहे, आणि त्याची बाजू न ऐकता पुढे जाणं योग्य नाही. सॅक्रामेंटो शहराच्या सांडपाण्यातून नदीत येणारं अमोनियम जास्त असलं की डायटम नायट्रेट घेणं थांबवतात आणि त्यांची वाढ मंदावते, अशी मांडणी रिचर्ड डगडेल, फ्रान्सेस विल्करसन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये केली. बहर न येण्याचं कारण तळात नव्हे, नदीच्या पाण्यात आहे, असा त्याचा रोख. वाद पुढे बराच तापला, कारण त्यावर सांडपाणी केंद्राच्या महागड्या सुधारणेचा निर्णय अवलंबून होता.

माझ्या मते दोन्ही बाजू वेगवेगळे प्रश्न सोडवत होत्या. एक विचारत होती, शैवाल किती वेगाने वाढतं. दुसरी, किती वेगाने संपतं. सुसूनच्या उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं मोठं आहे की पहिल्यात थोडी सुधारणा झाली तरी बाकी शून्यच राहते. किमरर आणि जॅनेट थॉम्पसन यांनी 2014 मध्ये मांडलेल्या ताळेबंदातही हेच दिसतं. मचूळ पट्ट्यात शिंपले आणि सूक्ष्म प्राणिप्लवक मिळून जेवढं शैवाल खातात, त्याला तिथली वाढ पुरी पडत नाही. तूट बाहेरून वाहत येणाऱ्या शैवालातून भरून निघते. पट्टा स्वतःचं पिकवून नव्हे, आयातीवर जगतो. वसंतात मात्र शिंपल्यांचं वजन कमी असतं, कारण हिवाळ्यात बदकांनी त्यांच्यावर ताव मारलेला असतो आणि नवी पिढी अजून लहान असते. अमोनियमचा प्रश्न तिथे, त्या दिवसांत खरोखर महत्त्वाचा ठरू शकतो.

त्याच खाडीचं दुसरं टोक

सुसूनमध्ये शिंपला आला आणि शैवाल गेलं. खाडीच्या दक्षिण टोकाला नेमकं उलटं घडलं, आणि मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत पटणारा पुरावा वाटतो. 1999 च्या सुमाराला पूर्व प्रशांत महासागर थंड टप्प्यात गेला. समुद्रातून चपटे मासे, खेकडे आणि कोळंबी मोठ्या संख्येने खाडीत शिरले. त्यांनी दक्षिण खाडीतले शिंपले फस्त केले, आणि पूर्वी तिथे कधी न दिसणारा शरदातला शैवालाचा बहर येऊ लागला. क्लोर्न आणि सहकाऱ्यांनी हे 2007 मध्ये मांडलं. दक्षिण खाडीत शहरांच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं भरपूर असतात. म्हणजे इतकी वर्षं तिथलं पाणी हिरवं होत नव्हतं, याचं बरंचसं श्रेय तळातल्या शिंपल्यांचं होतं, आणि ते त्यांना कुणी दिलं नव्हतं.

2022 च्या उन्हाळ्यात खाडीत हेटेरोसिग्मा अकाशिवो या शैवालाचा लाल-तपकिरी उद्रेक झाला आणि स्टर्जनसह असंख्य मासे मेले. त्याचा दोष शिंपल्यांच्या संख्येवर टाकण्याइतका सरळ संबंध नाही. पण पोषकद्रव्यांचा केवढा साठा त्या पाण्यात पडून आहे, हे सगळ्यांना दिसलं. एकाच खाडीच्या एका टोकाला शिंपले नकोसे आणि दुसऱ्या टोकाला हवेसे, अशी ही अडचण आहे.

जमीन पाण्याला परत देताना

आज वरच्या त्रिभुज प्रदेशात बांध फोडून उथळ पाणथळ जागा परत तयार करण्याची कामं चालू आहेत. तर्क असा की उथळ पाण्यात शैवाल वाढेल आणि भरती-ओहोटीबरोबर ते बाहेर पडून माशांच्या साखळीला मिळेल. तर्क वाईट नाही, पण तिथल्याच दोन जागा तो अर्धवट असल्याचं सांगतात.

मिल्ड्रेड आयलंड 1983 मध्ये बांध फुटून बुडालं. पाणी सुमारे पाच मीटर खोल, तळात शिंपले फार कमी. फ्रँक्स ट्रॅक्ट 1938 मध्येच बुडालेला. पाणी त्याच्या निम्म्याहून कमी खोल आणि तळ कॉर्बिक्युला या गोड्या पाण्यातल्या, तोही परदेशी, शिंपल्याने भरलेला. नुसत्या उन्हाचा विचार केला तर फ्रँक्स ट्रॅक्टमध्ये शैवाल जास्त पिकायला हवं. लिसा लुकास आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मोजून दाखवलं की शैवाल बाहेर पाठवते ती मिल्ड्रेडची जागा. फ्रँक्स ट्रॅक्ट बाहेरून येणारं शैवालही गिळतो. दोन्ही जागा नकाशावर एकाच निळ्या रंगात रंगवलेल्या असतात.

म्हणून बांध कुठे फोडायचा हे ठरवताना पाण्याची खोली आणि उन्हाचा हिशोब यांच्याआधी मी शेजारच्या तळाचा चिखल उपसून चाळून पाहीन. त्यातही एकदा नाही: वसंतात एकदा आणि उन्हाळा संपता संपता एकदा, कारण एप्रिलमध्ये जवळजवळ रिकामा दिसणारा तळ सप्टेंबरात भरलेला असू शकतो.